अठरा जणांचं माप

गफूरमास्तर माणसाचं नाव विसरायचे, माप विसरायचे नाहीत. लातूरच्या गोलाई बाजाराच्या पाठीमागं त्यांचं शिलाईचं दुकान. रस्त्यात कुणी नमस्कार केला की त्यांची नजर आधी गळ्यापासून कंबरेपर्यंत फिरायची, मगच ओळख पटायची. औशाचे एक गुळाचे व्यापारी त्यांच्या लेखी 'बेचाळीस छाती, डावा खांदा उतरता' होते. मी 'एकोणतीस कंबर'. माझं लग्न होऊन वर्ष झालं तेव्हा भर रस्त्यात, माझ्या सासऱ्यांसमोर त्यांनी मला थांबवलं आणि टेप न लावताच सांगितलं की आता एकतीस झाली, वहिनींच्या हाताला चव असणार. सासरे खूश झाले. मी मात्र आठवडाभर त्या रस्त्यानं गेलो नाही.

टेप कायम गळ्यात. लग्नात, मयतीत, दवाखान्यात. कुणी वाद घातला की एकच उत्तर ठरलेलं, "मी न्हाई म्हणून राहिलो, टेप म्हणून राहिली." त्यापुढं कुणाचं काही चालत नसे.

लातूर नुकताच उस्मानाबादेतून फुटून वेगळा जिल्हा झाला होता. मी नांदेडहून बदलून नव्या कचेरीत कारकून म्हणून आलो, तेव्हा खुर्च्या येऊन पडल्या होत्या, पण निम्म्या फायली उस्मानाबादेतच होत्या. लोक अर्ज घेऊन यायचे आणि आम्ही त्यांना कुठं पाठवायचं याचा विचार करत बसायचो. त्यात दुष्काळ. टँकर आला की कचेरीतला शिपाईसुद्धा घागर घेऊन पळायचा.

गावाबाहेर एक वृद्धाश्रम होता. अठरा म्हातारी माणसं. त्याची तपासणी माझ्याकडं होती. मी गेलो, सगळे ओळीत बसले होते. जेवण कसं आहे विचारलं, तर एकेकानं 'बरं हाय' म्हटलं. मी अहवालात 'जेवण समाधानकारक' असं लिहिलं आणि म्यानेजरकडचा चहा पिऊन परत आलो. आज हे लिहितानाही लाज वाटते.

मास्तरांचा त्या आश्रमाशी संबंध त्यांच्या अम्मामुळं. अम्माच्या बरसीला, तिच्या स्मृतिदिनाला, ते दरसाल अठराही जणांना नवे कपडे शिवून द्यायचे. पुरुषांना सदरा-पायजमा, बायांना पोलकं. बायांच्या फक्त दंडाचं माप घ्यायचे, बाकी जुन्या पोलक्यावरून. त्या वर्षी कामाच्या गडबडीत त्यांनी वहीतल्या गेल्या वर्षीच्या मापांवरच कपडे शिवले. वाटायला गेले तर सगळ्यांच्या अंगावर कपडे लोंबायला लागले. म्हातारे एकमेकांकडं बघून हसले.

मास्तर हसले नाहीत. चाळीस वर्षांत त्यांचं माप चुकलं नव्हतं. आधी त्यांना टेपचाच संशय आला. जुनी टेप ताणली जाते म्हणे. तीन दुकानांतल्या टेपा मागून त्यांनी आपल्या टेपेशी लावून बघितल्या. टेप बरोबर होती. मग ते परत आश्रमात गेले आणि अठरा जणांची नव्यानं मापं घेतली. कुणाची कंबर दोन इंच कमी, कुणाची तीन. नायगावकडच्या एक द्वारकाबाई होत्या, त्यांचा दंड तर मास्तरांच्या अंगठ्यात आणि बोटात मावला. नीट जेवता का म्हणून विचारलं, तर बाई म्यानेजरच्या दाराकडं बघून म्हणाल्या, "बरं हाय रे बाबा." इथून काढलं तर जायचं कुणाकडं, ही भीती सगळ्यांनाच. त्यामुळं तोंड कुणी उघडेना.

दुसऱ्या दिवशी मास्तर वही घेऊन माझ्या टेबलाशी हजर. म्हणाले, तक्रार आहे. मी विचारलं, कुणाची? ते म्हणाले, टेपची. कचेरी हसली. मीही हसलो आणि सांगितलं की अशा तक्रारीचा नमुनाच नाही, त्यातून असलाच तर उस्मानाबादेत असेल. ते बाकावर जाऊन बसले. तिसऱ्या दिवशीही बसलेलेच. दुकान बंद, गिऱ्हाइकं कचेरीत येऊन बाह्या मोजून घेऊ लागली. शेवटी साहेबच वैतागले आणि त्यांनी मास्तरांना, मला आणि म्यानेजरला एकत्र बोलावलं.

म्यानेजर शांतपणे म्हणाला की वयानं माणूस आटतोच. साहेबांनी मान हलवली. मास्तरही म्हणाले की खरं आहे, आटतो. मग त्यांनी वहीचं शेवटचं पान उघडलं.

"वयानं आटतो साहेब, पर एकटा-दुकटा. अठराच्या अठरा एका सालात कसे आटले? ह्या म्यानेजरसाहेबांची पाटलोनबी मीच शिवतो. त्याच सालात ह्यांची कंबर दोन इंच वाढून राहिली. दुष्काळ एकाच दाराला आला का?"

म्यानेजरचा हात नकळत पट्ट्याकडं गेला. साहेबांनी ते पाहिलं. संध्याकाळी आम्ही न सांगता आश्रमात गेलो. चूल थंड होती. पाणी नाही या सबबीवर कित्येक महिने संध्याकाळचं जेवण बंद होतं, आणि कोठीचं कुलूप उघडलं तेव्हा आश्रमाच्या धान्याची विकायला बांधून ठेवलेली पोती सापडली. पंधरा दिवसांत म्यानेजर बदलला. संध्याकाळची चूल पेटली. माझ्या अहवालाबद्दल साहेब माझ्याशी जे बोलले, ते मी निमूट ऐकून घेतलं. एका शिंप्यानं गळ्यातल्या टेपेवर अठरा माणसं मरणाच्या दारातून ओढून काढली होती, आणि मी सरकारी जीप घेऊन जाऊनही मला काही दिसलं नव्हतं. त्या दिवसापासून मास्तरांसमोर खुर्चीत बसायला मला संकोच वाटू लागला.

तीन महिन्यांनी ते पुन्हा मापं घ्यायला निघाले, तेव्हा मी रजा टाकून सोबत गेलो. द्वारकाबाईंच्या दंडाला टेप लावली. अर्धा इंच वाढ. मी टाळी वाजवणार होतो, पण मास्तर पायरीवर जाऊन बसले. डोळ्यांत पाणी.

मग त्यांनी सांगितलं. ते नवे नवे कारागीर होते, तेव्हाही असाच दुष्काळ, ओळीनं तीन सालं. दर ईदला अम्माचं पोलकं तेच शिवायचे आणि दर खेपेला कापड जास्त उरायचं. उरलेल्या कापडात धाकट्या भावाची टोपी व्हायची. मास्तरांना वाटायचं, आपला हात कटिंगला बसला. गल्लीत दाखवत फिरायचे. अम्मा आपली भाकर पोरांना वाढून स्वतः पाण्यावर निजत होती, हे ती गेल्यावर शेजारणीनं सांगितलं.

"माझ्या हातानं मापं घेतली साहेब, तिन्ही सालं," ते म्हणाले. "अन् मी खूश होऊन राहिलो."



द्वारकाबाईंना यातलं काही ऐकू गेलं नव्हतं. शिवणारा रडतोय एवढंच त्यांना दिसलं. त्या भिंतीला धरत आल्या. दुपारी जेवला नसशील, म्हणाल्या, आणि पदराच्या गाठीतून अर्धी भाकरी काढून त्यांच्या हातावर ठेवली. स्वतःच्या ताटातली राखून ठेवलेली.

मास्तरांनी ती भाकरी मोडली आणि मोठा तुकडा बाईंच्या हातात दिला.

"आधी तुम्ही," ते म्हणाले. "माझ्यासमोर."

बाई पायरीवर बसल्या आणि दात नसलेल्या तोंडानं सावकाश खाऊ लागल्या. शेवटचा घास गिळेपर्यंत मास्तरांनी आपला तुकडा तोंडाला लावला नाही.