एका कडुलिंबाला तीन ब्लोअर

माझी चूक एवढीच झाली, की ‘अंगण झाडून टाका’ असं बायकोने सांगितल्यावर मी झाडू उचलण्याऐवजी विचार करायला बसलो.

त्यात माझा दोष तसा कमी आहे. मी गेली सोळा वर्षं अबू धाबीतल्या एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत परचेस ऑफिसर आहे. आमच्याकडे स्टेपलरच्या पिना घ्यायच्या तरी तीन कोटेशनं मागवावी लागतात. मग त्यांचं कंपॅरेटिव्ह स्टेटमेंट होतं, त्यावर तीन सह्या होतात आणि त्यानंतर पिना येतात. (तोवर कागद टाचणीने लावतात.) ही सवय ऑफिस सुटलं तरी सुटत नाही. टूथपेस्ट घेतानाही मी तीन ट्यूबा हातात धरून उभा राहतो. लग्नाच्या वेळी मी बरोबर तीनच मुली पाहिल्या होत्या, हे सुहासिनीला मी अजून सांगितलेलं नाही.

ही गोष्ट २००४ सालची. शहरातला वन बेडरूम सोडून आम्ही नुकतेच खलिफा सिटीतल्या व्हिलात राहायला आलो होतो. व्हिला म्हणजे मालकाने एका व्हिलाचे तीन भाग पाडून भाड्याने दिले होते, त्यातला मागचा भाग. (पुण्याला फोनवर मी ‘व्हिला’ एवढंच सांगतो.) पण या मागच्या भागाला अंगण होतं आणि त्या अंगणावर सुहासिनीचा जीव होता. अकरा वर्षं ती दुसऱ्यांच्या घरी चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला जात होती. स्वतःच्या घरी कधी करता आलं नव्हतं, कारण जुन्या हॉलमध्ये सहा बायका बसल्या की सातवीला लिफ्टपाशी थांबावं लागलं असतं. या वर्षी मात्र तिने मंडळातल्या पस्तीस जणींना बोलावलं होतं. शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता, अंगणात.

अंगणात एक मोठा कडुलिंब होता आणि तो नेमका त्याच दिवसांत पानं गाळत होता. सुहासिनीने दोन आठवडे आधी मला तेवढं एक काम सांगितलं. मी दोन मिनिटं झाडलं आणि माझ्या लक्षात आलं की रोज झाडण्यापेक्षा यावर कायमचा उपाय हवा. पाठीवर अडकवायचं, पेट्रोलवर चालणारं, पाला उडवणारं मशीन मी आमच्या साइटवर पाहिलं होतं. त्याला ब्लोअर म्हणतात. मुसफ्फाच्या इंडस्ट्रियल एरियातले आमचे जुने सप्लायर अलीमियाँ यांच्या दुकानात तसे तीन मिळतात, हेही मला ठाऊक होतं. तीन म्हटल्यावर मला राहवेना.

अलीमियाँ मूळचे हैदराबादचे. वय साठीच्या पुढे, दाढी मेंदीने लाल. त्यांनी जपानी, जर्मन आणि अमेरिकन अशी तीन मशीनं काउंटरवर मांडली.

“झाडां कित्ते हैं साब?” त्यांनी विचारलं.

“एक.”

“एक झाड के वास्ते तीन कोटेशन?”

“प्रोसीजर है, अलीमियाँ. ये जर्मनवाला कितने का?”

“नौ सौ दिरहम.”

“नऊशे. म्हणजे साधारण अकरा हजार रुपये,” मी मोठ्याने हिशेब केला.

“रुपये में नक्को सोचो साब,” अलीमियाँ म्हणाले, “नींद नहीं आती.”

मी तिन्ही कॅटलॉग घेऊन घरी आलो आणि स्टेटमेंट करायला बसलो. चौदा रकाने झाले. हवेचा वेग, मिनिटाला किती घनमीटर हवा, वजन, आवाज, टाकीची क्षमता, पट्ट्यांची रुंदी, पाठीमागची गादी. जपानी हलकं होतं, जर्मन टिकाऊ होतं, अमेरिकन ताकदवान होतं. मार्कांची बेरीज केली तर तिघांनाही एकाहत्तर. माझ्या नोकरीत तोवर असं कधी झालं नव्हतं. मी वेटेज बदलून पाहिलं. मग तिघांनाही अडुसष्ट पडले.

“बाबा, इट्स जस्ट लीव्ज,” आमचा अंकुर म्हणाला. तो तेव्हा बारा वर्षांचा होता आणि परचेसमध्ये त्याला गती नव्हती.

शेवटी मी ऑफिसातल्या उल्हासला विचारलं. तो साइट इंजिनिअर.

“डेमो घेतलास?” त्याने विचारलं.

“नाही.”

“मग कसला परचेस ऑफिसर तू? कॅटलॉगवर कोण जातं? तिन्ही घरी बोलाव, एकाच दिवशी चालव. आणि लोड पुरेसा ठेव. लोडशिवाय टेस्ट म्हणजे थट्टा.”

हे मला एकदम पटलं. इकडे अंगणात पाला घोट्यापर्यंत आला होता. गुरुवारी सकाळी सुहासिनीने विचारलं, “अहो, अंगणाचं काय?”

“प्रोसेसमध्ये आहे,” मी म्हणालो.

तिने माझ्याकडे पाहिलं. ही नजर मी ओळखतो, आमचे सप्लायर माझ्याकडे तशीच बघतात.

शुक्रवारी सकाळी आठला ती मैत्रिणीबरोबर, प्रमोदिनीबरोबर, गजरे आणि कैऱ्या आणायला शहरात गेली. हॉलमध्ये गौरीची आरास रात्रीच मांडून झाली होती. झोपाळ्यात गौर, समोर कमळासारखं कापलेलं कलिंगड, लाडू, करंज्या. पन्ह्याचं मोठं पातेलं आणि भिजवलेले हरभरेही तिथेच होते.

“मी अकरा-साडेअकराला येते. मला फरशी दिसली पाहिजे,” ती म्हणाली.

“दिसेल,” मी म्हणालो. आणि ती दिसलीही. नऊ ते सव्वानऊ.

त्याचं असं झालं. अलीमियाँ पिकअपमधून तिन्ही मशीनं घेऊन आले. स्पर्धा निःपक्षपाती व्हायची तर प्रत्येक मशीनला सारखी जागा आणि सारखा पाला हवा. मी सुहासिनीची रांगोळी घेऊन अंगणाचे तीन सारखे प्लॉट आखले. (रांगोळी मला येत नाही, पण प्लॉट येतात.) मग कोपऱ्याकोपऱ्यातून पाला झाडून एकत्र केला, स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलला आणि त्याचे तीन सारखे ढीग केले. कंबर मोडली, पण तासाभरात अंगण आरशासारखं झालं. तीन छोटे ढीग, बाकी सगळी स्वच्छ फरशी.

अलीमियाँ इकडेतिकडे बघत म्हणाले, “साब, अंगण तो साफ हो गया. ये तीन ढेरियां थैली में डाल दो. खलास.”

आज मागे वळून पाहतो तेव्हा वाटतं, त्या दिवशी आमच्या अंगणात अक्कल असलेला तो एकच माणूस होता. पण मी ढिगांकडे पाहत होतो. प्रत्येकी जेमतेम दोन किलो. एवढ्या ताकदीच्या मशीनला दोन किलो पाला म्हणजे लोड नव्हे.

मी भिंतीवरून शेजारी हाक मारली. शेजारी कमरुद्दीनसाहेब राहायचे, कराचीचे, अत्यंत सज्जन माणूस. त्यांच्याकडे दोन कडुलिंब होते.

“कमरुद्दीनसाहब, थोड़े नीम के पत्ते मिलेंगे क्या?”

“नीम के पत्ते?” त्यांचा चेहरा उजळला. “अच्छा अच्छा, आपका त्योहार है ना? मेरे दफ़्तर में एक देशपांडे साहब थे, वो हर साल इसी मौसम में नीम खिलाते थे. आप बेफ़िक्र रहिए.”

“नहीं नहीं, वो टेस्टिंग के लिए...”

पण ते आत गेले होते. त्यांच्या बेगम, हाफिजाभाभी, त्यांनी गल्लीत फोन केले असावेत. पाऊण तासात माझ्या फाटकातून अकरा पोती पाला आत आला. दोन पोती कमरुद्दीनसाहेबांची. चार समोरच्या इजिप्शियन डॉक्टरांची, ते स्वतः पोतं उचलून आणताना मला ‘हॅपी फेस्टिव्हल’ म्हणाले. बाकीची कोणाची होती ते मला आजही माहीत नाही. कोणी तरी ताज्या फांद्यासुद्धा तोडून आणल्या होत्या. सणासाठी म्हणून आणलेला पाला परत न्या, असं कोणत्या तोंडाने सांगणार? आणि खरं सांगायचं तर मनातून मला आनंद झाला. लोड आता पुरेसा होता.

आम्ही पोती रिकामी केली. गल्लीतली मंडळी सण कसा होतो ते बघायला भिंतीपाशी थांबली. अंकुरला मी स्टॉपवॉच देऊन हॉलच्या दारात उभं केलं आणि त्याला दोन्ही बाजू दिसाव्यात म्हणून काचेचं सरकतं दार पूर्ण उघडं ठेवलं.

जपानी मशीन अलीमियाँनी चालवलं. त्याने एका प्लॉटमधला पाला दुसऱ्यात घातला. जर्मन मशीनने दुसऱ्यातला तिसऱ्यात घातला. दोन्ही कामं चोख झाली, मी मार्क दिले. आता गल्लीचा सगळा पाला तिसऱ्या प्लॉटमध्ये, हॉलच्या दारासमोर, छातीएवढा साठला होता. अमेरिकन मशीन मी स्वतः पाठीवर घेतलं, कारण वापरणाऱ्यानेच ट्रायल घ्यावी असं आमच्या कंपनीचं धोरण आहे.

“साब, धीमे धीमे,” अलीमियाँ म्हणाले.

धीमे असतं तर तुलना कशी झाली असती? मी खटका पूर्ण दाबला.

पुढचं मला नीट दिसलं नाही, कारण चष्म्यावर पाला होता. ढीग उचलला गेला एवढं कळलं. तो भिंतीकडे जाईल असा माझा अंदाज होता, तो दारातून आत गेला. मी घाबरून गर्रकन वळलो, तर उरलेला पाला सगळ्या अंगणभर झाला आणि स्टेटमेंटचे कागद समोरच्या डॉक्टरांकडे गेले.

“बाबा, स्टॉप,” आतून अंकुरचा आवाज आला. “गौरी इज फुल ऑफ लीव्ज.”

मी मशीन बंद केलं. गौर झोपाळ्यात गळ्यापर्यंत पाल्यात होती. कलिंगड दिसत नव्हतं. पन्ह्याचं पातेलं हिरवं झालं होतं. भिंतीपलीकडून एकदोघांनी टाळ्या वाजवल्या.

“साब, जुम्मे का टाइम हो गया,” अलीमियाँ म्हणाले. त्यांच्यामागून कमरुद्दीनसाहेब आणि गल्लीतली बाकीची मंडळीही नमाजाला गेली. पाच मिनिटांत सगळीकडे सामसूम झाली आणि फाटक वाजलं.

सुहासिनी गजऱ्यांची पिशवी घेऊन फाटकात उभी होती. ती ओरडेल असं मला वाटलं होतं. ती ओरडली नाही. तिने अंगण पाहिलं, दारातून आत पाहिलं, मग पायरीवर पाला बाजूला सारून बसली आणि हळू आवाजात म्हणाली, “अकरा वर्षं थांबले होते हो मी.”

मला स्वतःची इतकी लाज त्याआधी कधी वाटली नव्हती. पाठीवरचं मशीन उतरवायचंही मला सुचेना.

मग आम्ही कामाला लागलो. ती आणि प्रमोदिनी हॉलमध्ये गौरीची आरास पुन्हा मांडत होत्या, मी अंगण झाडत होतो. ऊन डोक्यावर आलं होतं. दोन वाजेपर्यंत साडेतीन पोती भरली. आठेक उरली होती आणि पाचला पस्तीस बायका येणार होत्या. हे होणार नाही हे मला कळत होतं, आणि तिलाही कळत होतं. ती एकदा दारात आली, अंगणाकडे बघून परत आत गेली.

तीन वाजता अलीमियाँ मशीनं न्यायला आले. त्यांच्याबरोबर कमरुद्दीनसाहेब आणि डॉक्टर होते. कमरुद्दीनसाहेबांनी अमेरिकन मशीनवर हात ठेवला. “जनाब, क्या चीज़ दिखाई आपने. ये मैं ले रहा हूं.” डॉक्टरांनी जर्मन घेतलं. जपानी मशीन पलीकडच्या गल्लीतल्या एका शाळामास्तरांना जाता जाता विकून झालं होतं. त्यांनी फक्त आवाज ऐकला होता.

“अलीमियाँ, और मेरा?” मी विचारलं.

“आपका तो कम्पेरिझन चालू है ना साब? स्टॉक खलास. अगले महीने आता, इन्शाल्ला.” आणि त्यांनी मला दुकानाचं नाव छापलेली एक की-चेन दिली.

कमरुद्दीनसाहेबांनी दारात उभ्या असलेल्या सुहासिनीकडे पाहिलं, तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि एक शब्द न विचारता मशीन पाठीवर चढवलं. आधी त्यांनी काचेचं दार लावून घेतलं. (हे कॅटलॉगमध्ये नव्हतं.) मग एका कोपऱ्यातून सुरुवात करून, खटका अर्धाच दाबत, त्यांनी सगळा पाला फाटकापाशी नेऊन लावला. डॉक्टर पोती धरत होते. वीस मिनिटांत फरशी दिसायला लागली. सुहासिनीने त्यांना हात जोडले आणि हाफिजाभाभींना संध्याकाळी यायलाच हवं म्हणून सांगितलं.

पाचला बायका आल्या. हळदीकुंकवात पुरुषांचं काम नसतं, त्यामुळे मला स्वयंपाकघरात बसवून हातात चाळणी दिली होती. भिजवलेल्या हरभऱ्यांतून कडुलिंबाची पानं निवडायची. पन्हं गाळून झालं होतं. खिडकीतून मला अंगण दिसत होतं. सुहासिनी नऊवारीत, केसांत गजरा, या टोकापासून त्या टोकापर्यंत कुंकू लावत फिरत होती आणि इतकी आनंदात होती की मीही हरभरे निवडताना थोडा खूष झालो.

खिडकीजवळच्या खुर्चीवर पर्णिका नावाची एक नवी मुलगी होती. लग्न होऊन महिन्यापूर्वीच पुण्याहून आलेली.

“काकू, किती स्वच्छ आहे हो अंगण,” ती म्हणाली. “एवढं झाड असून एक पान नाही.”

“शेजारच्या कमरुद्दीनभाईंनी करून दिलं. आजच मशीन घेतलंय त्यांनी.”

“आणि काका काय करतात?”

“परचेसमध्ये आहेत.”

“म्हणजे खरेदी सगळी तेच करतात?”

“नाही गं,” सुहासिनी म्हणाली. “खरेदी शेजारी करतात. हे नुसती तुलना करतात.”

पस्तीस बायका एकदम हसल्या. हाफिजाभाभींना मराठी येत नसल्यामुळे प्रमोदिनीने त्यांना ते वाक्य सावकाश हिंदीत करून सांगितलं, आणि मग त्या माझ्या खिडकीकडे बघून एकट्या वेगळ्या हसल्या.