आधी माफ कोणी केलं?

शिंपीकाकांच्या मनात राग म्हणून टिकत नसे! हे त्यांनी स्वतःच चर्चच्या सगळ्या मंडळीला सांगून ठेवलं होतं. "राग आणि सुरकुती, दोन्ही मी इस्त्रीखाली काढतो," असं ते गिऱ्हाइकाचं माप घेता घेता म्हणत. गिऱ्हाईक छाती फुगवून श्वास रोखून उभं असायचं, त्यामुळे त्याला उलट बोलता येत नसे.

एक राग तेवढा इस्त्रीला दाद देत नव्हता. तो व्याह्यांवरचा. व्याही म्हणजे चौकातले घड्याळजी, काकांच्या लेकीचे सासरे आणि चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारे. एका रविवारी त्यांनी गाणं इतक्या वरच्या पट्टीत सुरू केलं, की ऐन शेवटच्या कडव्यात काकांचा भारदस्त आवाज फुटला! पुढच्या बाकावरच्या बायका रुमालात तोंड घालून हसल्या. "मुद्दाम केलं!" काकांनी ठरवूनच टाकलं. शिवाय हा गृहस्थ सदान्‌कदा डावा हात कोटाच्या खिशात घालून फिरायचा. मोठा लाटसाहेबच लागून गेला! तेव्हापासून काका व्याह्यांशी मोजकंच बोलत होते, तेही दातओठ आवळून.

अशात नातीचा बाप्तिस्मा ठरला. या मंडळीची रीत अशी, की बाळाला दोन्ही आजोबांनी मिळून पाण्याच्या कुंडापाशी न्यायचं, आणि दोघांत काही कुरबुर असलीच तर ती आधी मिटवायची. पहिलीवहिली नात! तिला हातात घ्यायला काका आसुसले होते.

"मी स्वतः जाऊन समेट करणार!" काकांनी घरात जाहीर केलं.

"माफी मागणार?" काकूंनी डोळे विस्फारले.

"मागणार? अगं, मी द्यायला चाललोय!"

दुकानात घड्याळजी डोळ्याला भिंग लावून कुणाचं तरी घड्याळ उघडून बसले होते. काका दारातच ताठ उभे राहिले, तसा घड्याळजींचा डावा हात खिशात गेला.

"व्याही, मी तुम्हाला माफ केलं."

भिंग टपकन खाली पडलं. "कशाबद्दल?"

"त्या दिवशीच्या वरच्या पट्टीबद्दल!"

"अहो, ऑर्गनचे खालचे सूर बंद पडले होते! काय करणार होतो मी? पण तुम्ही रागावला होतात? मला वाटलं, दाढ दुखतेय तुमची!"

काकांच्या पायाखालची जमीनच सरकली. इतक्या मेहनतीने राग धरला, आणि या माणसाला पत्ताच नाही!

"तरीही मी माफ केलं," ते हेका सोडेनात.

"मग मीही सांगतो!" घड्याळजींनी डावा हात खिशातून बाहेर काढला. कोटाची बाही मनगटाच्या बरीच अलीकडे थांबली होती. "पोरांच्या लग्नात तुम्हीच शिवून दिलात हा कोट. मी त्याच दिवशी तुम्हाला माफ करून टाकलं!"

"न सांगता?"

"सांगून काय माफ करायचं?"

"मला माफ करायला तुम्हाला सांगितलं कोणी? मी आधी माफ केलं!"

"मी आधी! लग्नाच्या मांडवात!"

भिंतीवरची घड्याळं ठणाठणा वाजू लागली, तरी दोघांचे आवाज त्यांच्या वर! रस्त्यावर बघे जमले. तेवढ्यात पोरीला कडेवर घेऊन लेक आली.

"बाबा! मामंजी! शोभतं का हे? एकमेकांची माफी मागा, नाहीतर रविवारी पोरीला थेट चर्चच्या पाळकबाईंच्या हातात देईन!"

पण माफी कोण मागणार? दोघांकडेही माफी द्यायलाच होती!

बाप्तिस्म्याचा झगा काकांनीच शिवला. "बाही आखूड? माझी?" असं पुटपुटत त्यांनी मशीन अशी दामटली, की काकूंनी शेजारी जाणं पसंत केलं. लेस, सॅटीन, काही बाकी ठेवलं नाही. व्याह्यांची बोलती बंद करायची होती ना!

रविवार उजाडला. दोन आजोबा दोन टोकांना बसले. पाळकबाई बिचाऱ्या अवघडून कुंडापाशी उभ्या. लेकीने पोरीभोवतीची शाल काढली आणि काका बाकावरून अर्धवट उठलेच. झग्याची उजवी बाही मनगटापर्यंत, आणि डावी जेमतेम कोपरापर्यंत! पुढच्या बाकावरच्या माना उंचावल्या. काकांना वाटलं, आता व्याही सगळ्यांना आपलं मनगट दाखवणार. संपली आपली शिंपीगिरी!

घड्याळजी उठले. पुढे जाऊन त्यांनी उजवी बाही हळूच दुमडली, एक घडी, दुसरी घडी, दोन्ही अगदी सारख्या करून ठेवल्या. "नवीन पद्धत आहे," ते पाळकबाईंना म्हणाले, आणि डावा हात परत खिशात घातला.

किती मोठ्या मनाचा माणूस! आणि आपण त्याला लाटसाहेब म्हणत होतो! ते तरातरा पुढे गेले.

"व्याही, चुकलो मी!" त्यांना हळू बोलायचं होतं, पण तो आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला.

"कशाबद्दल?" घड्याळजींनी भाबडेपणाने विचारलं.

"डाव्या बाहीबद्दल," काका म्हणाले. "आणि दाढदुखीबद्दल."

"माझंही चुकलं. पट्टी बदलायच्या आधी सांगायला हवं होतं तुम्हाला."

लेकीने डोळे पुसत पोरीला दोघांच्या हातांवर ठेवलं. नंतरचं गाणं घड्याळजींनी दुरुस्त झालेल्या ऑर्गनवर चांगलं खालच्या पट्टीत धरलं, आणि काकांचा आवाज असा लागला, की खिडक्यांची तावदानं थरथरली!

उपासना सुटल्यावर काका दारातच छाती काढून उभे होते. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते, "बघितलंत ना? माफी आधी मी मागितली. मी आधी!"

शेजारी घड्याळजी खिशात हात घालून उभे होते. ते काहीच बोलले नाहीत. बहुतेक त्यांनी तेही माफ करून टाकलं असावं.