शिमला स्वस्त, सेलम स्वस्त

सेलमला नारळ सोलापूरपेक्षा निम्म्यानं मिळतो.

चांगुणाबाईंनी भर एप्रिलात, टळटळीत दुपारी, लोकरीची कानटोपी घालून आरशात पाहिलं आणि त्या स्वतःशीच हसल्या.

कडक भाकरी पडली तर मोडते, पण नासत नाही.

"पप्पा, शिमल्याला फ्रीज धरायचा का? तिकडं म्हणे खिडकीत दूध ठेवलं तरी चालतंय."

हिंदुरावला पोपटी रंग आवडतो.

"कोण पायजे?"

नारळापासून पोपटी रंगापर्यंतची ही सगळी भानगड एकाच माणसाच्या मानेवर येऊन बसली. त्याचं नाव यशपाल. एका विमा कंपनीच्या सोलापूर कचेरीत तो कैक वर्षं कारकून होता आणि एका सोमवारी त्याला बढतीचं पत्र आलं. अधिकारी झालात, अभिनंदन. जागा दोन ठिकाणी रिकाम्या आहेत, शिमला आणि सेलम. शुक्रवारपर्यंत पसंती कळवा. जायचं नसेल तर तसं कळवा, म्हणजे बढती दुसऱ्याला देता येईल.

यशपालला जायचं नव्हतं. कारण विचाराल तर मोठं काही नाही. उन्हाळ्याच्या संध्याकाळी जुळे सोलापुरातल्या आपल्या घराच्या गच्चीवर चार बादल्या पाणी मारायचं, फरशीच्या वाफा थांबल्या की गादी टाकायची आणि अख्खं गाव उकाड्याला शिव्या देत असताना आपण उघड्या अंगानं मजेत पडायचं. एवढ्यासाठी त्यानं घर बांधलं होतं. ट्रेनिंगसाठी एकदा पुण्यात आठवडाभर राहिला, तर परत आल्यावर आईनं त्याला आधी दवाखान्यात नेलं होतं. पण "आमचे हे यंदा नक्की ऑफिसर होणार" असं दरवर्षी नातेवाइकांना सांगत आलेल्या बायकोला "मला इथून हलायची भीती वाटते" असं कुठल्या तोंडानं सांगायचं? भीती सांगितली की माणूस भित्रा ठरतो. खर्च सांगितला की तोच माणूस व्यवहारी ठरतो. यशपालनं खर्च सांगायचं ठरवलं.

"बुद्धप्रिया, परवडलं पाहिजे गं," डबा ओट्यावर ठेवत तो म्हणाला.

"न परवडायला काय झालं? पगार वाढेल की."

"पगार चालतो, खर्च पळतो. साक्षी, एक तक्ता कर. एका बाजूला शिमला, एका बाजूला सेलम. काय काय महाग पडतंय ते सगळं लिही."

लेक साक्षी बारावीची परीक्षा देऊन घरी मोकळी होती, आणि सोलापूर सोडून कुठंही जायची तिची तयारी होती. तिनं मोबाईलवर तक्ता केला. यशपालनं सांगितला तसा. शिमल्याला हीटर, स्वेटर, लाकडं, चढावरच्या घराचं भाडं. सेलमला एसी, टँकर, उतारावरच्या घराचंही भाडंच. दोन्हीकडं दिवाळं निघत होतं. बढती मानानं मरणार होती. यशपालनं त्या संध्याकाळी एक भाकरी जास्त खाल्ली आणि मग तक्ता बायकोपुढं धरून हळहळल्यासारखा चेहरा केला.

तिथं चुकलं. चेहरा त्यानं जरा जास्तच पाडला.

"एवढं मनाला लावून घेऊ नका," बुद्धप्रियाचा आवाज बदलला. "पैशापायी तुमची हौस मारायची नाही मी. बघते काय करायचं ते."

*खाणं*

दोन्ही रकान्यांत यशपालनं ज्वारी लिहिली होती. शिमल्याला ज्वारी औषधासारखी पुडीत मिळते आणि सेलमला सगळा भाताचा कारभार. भाकरीशिवाय आईचं पोट चालत नाही, तेव्हा हा खर्च कुणाच्या बापाला टळणारा नव्हता.

बुद्धप्रियानं हे कंपाउंडच्या भिंतीवरून शेजारच्या नीलम्माकाकूंना सांगितलं. मंगळवारी संध्याकाळी नीलम्माकाकू डोक्यावर टोपली घेऊन हजर.

"अय्यो, भाकरीसाठी प्रमोशन सोडतो काय रे यशपाल? मी दुधनीची आहे. आमच्यात लग्नाला घर भरून कडक भाकरी करतेत. वर्षाची करून देते, घेऊन जा तिकडं."

"नको हो काकू, तुम्हाला कशाला त्रास…"

"त्रास कसला? तू साकु म्हण, पुरे म्हण, मी थांबते."

"साकु, काकू! साकु!"

"आत्ताच काय साकु? अजून पीठ मळलं नाही."

बुधवारपर्यंत भाकरीच्या चळती टीव्हीवर, कपाटावर, शिलाई मशीनवर चढल्या. यशपाल हॉलमधून आडवा चालू लागला. साक्षीनं दोन्ही रकान्यांतलं खाणं खोडून तिथं शून्य लिहिलं.

*आजारपण*

"खाण्याचं सोडा," यशपाल म्हणाला. हा त्याचा हुकमाचा पत्ता होता. "आईचं काय? तिला थंडी सोसायची नाही. डॉक्टर, औषधं, इंजेक्शनं. एका हिवाळ्यात मी भिकेला लागेन."

चांगुणाबाई कॉटवर बसून शेंगा फोडत होत्या. त्यांनी मान वर केली.

"कोण म्हणलं सोसायची न्हाय?"

"आई, बर्फ पडतो तिथं!"

"मग पडू दे की. लोकं पैसं भरून बघाया जात्यात. समदा जलम ह्या भट्टीत काढला बाबा. आता जरा गारठून बघू दे."

"अगं, पण राहायचं कुठं? भाडं किती आहे ठाऊक आहे?"

"त्ये झालं," चांगुणाबाई म्हणाल्या आणि त्यांनी शेंगदाणा तोंडात टाकला. "मागं विहारात भंतेजी आलते न्हवं, त्ये तिकडचंच. सकाळी साक्षीनं फोन लावून दिला. म्हणलं जयभीम, माज्या ल्योकाला खोली पायजे. तर त्यांच्या एका उपासकाचं घर मोकळं पडलंय, राखायला माणूस मिळंना. भाडं न्हाय. लाकडं बी तितलीच जाळायची."

"तुला हिंदी कुठं येतं आई?"

"त्यास्नी तरी कुटं मराठी येतंय? झालं की बोलणं."

महिला मंडळानं त्यांना कानटोपीही विणून दिली होती. एप्रिलात. यशपालनं टोपी घातलेल्या आईकडं पाहिलं. आईच फुटली म्हणजे आता जगात भरवशाचं कुणी उरलं नाही.

*भाडं, सेलम*

उरला हिंदुराव. कचेरीतला, शेजारच्या टेबलावरचा, रोज त्याच्या डब्यातली शेंगाचटणी खाणारा. त्याच्याजवळ मन मोकळं करायला हरकत नव्हती, पण तेही यशपालनं सरळ केलं नाही.

"शिमल्याचं घरचे जमवतायत. पण मला मेली थंडी नको. आणि सेलम तर परवडणारच नाही. म्हणजे बढतीच सोडावी लागणार बघ," तो म्हणाला आणि उसासा टाकला.

"सेलम? सेलम म्हणलास?" हिंदुराव खुर्चीतून उठलाच. "अरं, माझा साडू सेलमला हाय की! गलाईच्या धंद्यात. सोनं गाळतोय. थांब, लावतोच फोन."

"अरे नको, कामात असेल…"

फोन लागला. स्पीकरवर लागला. अख्ख्या कचेरीनं ऐकला.

"या की पाव्हणं!" साडू तिकडून ओरडला. "वरच्या दोन खोल्या मोकळ्याच हायत्या. भाडं कसलं इचारताय? हितं मराठी बोलायला माणूस न्हाय, जीभ गंजली माझी. सांजच्याला गप्पा हाणायला बसा, फिटलं भाडं!"

कचेरीनं टाळ्या वाजवल्या. यशपालनंही वाजवल्या, न वाजवून चाललं नसतं.

*घर*

"पण इथलं घर?" टाळ्या थांबल्यावर तो बुडत्या आवाजात म्हणाला. "कुलूप लावून ठेवायचं, वर हप्ता भरायचा. ते तर बुडीतच ना?"

हे बोलायला नको होतं. हिंदुराव त्याच्याकडं प्रेमानं बघत राहिला. हिंदुरावची बायको, सासू आणि तो असे तिघं गावात एका अंधाऱ्या खोलीत राहत होते.

गुरुवारी संध्याकाळी यशपाल घरी पोचला तेव्हा कागद झालेला होता. घर बुद्धप्रियाच्या नावावर होतं, त्यामुळं सहीसाठी कुणी त्याची वाटही पाहिली नव्हती. अकरा महिन्यांचा करार. हिंदुराव फूटपट्टी घेऊन भिंत मोजत होता.

"एवढी घाई कशाला केलीस?" यशपालनं बायकोला स्वयंपाकघरात गाठून विचारलं. "शुक्रवारनंतर केला असता कागद."

"भाऊजी म्हणाले, उद्या अमावस्या आहे."

"आपण कधीपासून अमावस्या मानायला लागलो?"

"आपण नाही हो. ते मानतात. आणि आता हप्त्याचीही काळजी मिटली ना तुमची? जरा हसा तरी."

यशपाल हसला.

"वहिनी," बाहेरून हिंदुराव म्हणाला, "हॉलला पोपटी मारला तर चालंल न्हवं?"

*वीज*

शून्य. शिमल्याला पंखा नको. सेलमला साडू मीटरला हात लावू देणार नव्हता.

*शुक्रवार*

पसंती कंपनीच्या वेबसाइटवर भरायची होती. 'जाण्यास तयार नाही' अशी एक चौकट तिथं होती. यशपालनं तिच्यावर बाण नेला आणि मग त्याच्या डोळ्यांपुढं घरातल्या चळती आल्या, टोपी आली, साडूची गंजलेली जीभ आली. या सगळ्यांना आता काय कारण सांगायचं? खर्च तर संपला होता. आणि भीती सांगायला फारच उशीर झाला होता. सोमवारी ती नुसती भीती होती. आता ती फसवणूक झाली असती. त्यानं शिमल्यावर बोट दाबलं. निदान आई तरी खूश होईल.

हिंदुरावला मित्राचं भलं झाल्याचा इतका आनंद झाला की त्यानं साक्षीकडून तक्ता मागवून कचेरीच्या ग्रुपवर टाकला. भाडं शून्य, खाणं शून्य, आजारपण शून्य, वीज शून्य. खाली लिहिलं, 'यशपालरावांची कमाल.'

शनिवारी हिंदुरावचं सामान आलं आणि रंगारीही आले. यशपालचं कुटुंब गाठोड्यांसकट नीलम्माकाकूंच्या मागच्या खोलीत गेलं. गाडीचं तिकीट मिळेपर्यंत, चार दिवसांचा प्रश्न होता.

पुढच्या आठवड्यात उदयसिंह साहेबांनी यशपालला केबिनमध्ये बोलावलं. कचेरीतले एकमेव अधिकारी. ते खुर्चीवरून उठून उभे राहिले, आणि त्यांनी यशपालचे दोन्ही हात हातात घेतले.

"तुमचे उपकार मी कसे फेडू?"

"कसले साहेब?"

"तो तक्ता! मी म्हटलं, शिमला इतकं स्वस्त असेल तर मी या फुफाट्यात काय करतोय? त्याच दिवशी विनंती-बदली टाकली. मी सीनियर, त्यामुळं शिमला मला मिळालं. सेलम कुणी पुण्याच्या बाईंनी घेतलं."

यशपालला आपल्या कानांवर विश्वास बसेना. "मग मी?"

"तुम्ही या खुर्चीत! बढती मिळाली, गाव सोडायला नको. तुमचं मात्र शिमला हुकलं हो. माफ करा."

यशपालनं माफ केलं. इतक्या पटकन केलं की साहेबांना भरून आलं. कचेरीबाहेर येऊन त्यानं स्कूटरला किक मारली आणि रस्ताभर तो मोठ्यानं गात घरी आला. फाटक उघडलं, पायऱ्या चढला, सवयीनं कडी वाजवली. एका म्हातारीनं दार उघडलं. तिच्यामागं हॉल पोपटी होता.

"कोण पायजे?" हिंदुरावच्या सासूनं विचारलं.

हिंदुराव बनियनवर बाहेर आला. त्यानं सगळं ऐकून घेतलं, मिठी मारली, साखर आणायला सांगितली.

"साहेब झालास! मस्त झालं. आता रोज भेट होणार."

"हिंदुराव, घर…"

"घराचं काय राव? अकरा महिन्याचा कागद हाय की. रंगाला पैसं गेल्यात. म्हातारी तर म्हणती, आता हितनं मला खांद्यावरच न्या." मग त्यानं आवाज उतरवला. "जुळे सोलापुरात घरांचा काय तोटा? बघू की एकादं. फक्त भाडी लई वाढल्यात हां."

*सोलापूर*

साक्षीनं तक्त्यात तिसरा रकाना काढला. भाडं, डिपॉझिट, दलाल, टेम्पो. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, गच्चीला सोसायटीचं कुलूप, म्हणून एसी. एसीचं बिल. ज्वारीचं पोतं, कारण साऱ्या भाकरी उदयसिंह साहेबांना बांधून दिल्या होत्या. नीलम्माकाकूंनी दुसऱ्यांदा करायला नकार दिला. त्यांचे हात भरून आले होते. भंतेजींच्या ओळखीचं घरही साहेबांनाच मिळालं. चांगुणाबाईंनी निरोपाला जाऊन त्यांच्या हातात कानटोपी ठेवली आणि घरी येऊन दोन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांच्या अंगावर घामोळं उठलं. दवाखाना.

थंड रकाना शून्यावर होता, गरम रकाना शून्यावर होता. सोलापुरात नव्या पगाराला महिनाअखेर दिसत नव्हती.

रविवारी दुपारी नव्या फ्लॅटच्या खिडकीशी यशपाल उभा होता. बुद्धप्रिया चहा घेऊन आली. तिनं कप त्याच्यापुढं धरला. मग म्हणाली, "तुम्हाला फार जायचं होतं ना हो शिमल्याला?"

यशपालनं कप हातात घेतला. खरं बोलायला एवढी चांगली वेळ पुन्हा आली नसती. त्यानं तिच्याकडं पाहिलं. त्या पंधरा दिवसांत ती किती ठिकाणी फिरली, किती जणांपुढं शब्द टाकला, हे सगळं तिच्या चेहऱ्यावर होतं.

"हो ना," तो म्हणाला. "फार."

"मला माहीत होतं," ती म्हणाली, आणि तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

*किरकोळ*

बढतीचं पत्र आलं त्या सोमवारी, यशपालचा फोन ठेवल्यावर, बुद्धप्रिया साक्षीला म्हणाली होती की पप्पांनी आपणहून जायचं नाही म्हटलं तर बरं होईल, बढती गेली तरी चालेल. तिलाच हे घर सोडवणार नाही. साक्षीनं ते तक्त्यात लिहिलं नाही.