चार ओहमचं माप

टेलरमास्तरांचं एक ठाम मत होतं. ज्याला माप घेता येतं, त्याला जगात काहीही जुळवता येतं! बावीस वर्षांत त्यांनी पडलेले खांदे उचलले होते, सुटलेली पोटं कोटात गडप केली होती आणि एका नवरदेवाचा एक हात लांब आहे हे लग्न होऊन मुलं झाली तरी कुणाला कळू दिलं नव्हतं. घराच्या पुढच्या खोलीतच दुकान, आणि मशीनच्या वर पाटी: 'सुटा धागा दाखवा, शिलाई फुकट!' आजवर एकाही गिऱ्हाइकाला ती फुकट मिळाली नव्हती.

आता अशा माणसाला दोन लाउडस्पीकरना एक ॲम्प्लिफायर जुळवायला कितीसा वेळ लागणार?

लाउडस्पीकर सासऱ्यांचे. सासरे आयुष्यभर रेडिओ दुरुस्त करत आले, आणि हे दोन स्पीकर त्यांनी स्वतःच्या हाताने बनवलेले. कमरेएवढी उंच लाकडी खोकी, आणि वजन असं की उचलताना माणसाला आपलं वय कळावं! महिन्यापूर्वी ते लहान जागेत राहायला गेले तेव्हा, "तिथे मीच कसाबसा मावतोय," म्हणून त्यांनी खोकी मुलीकडे पाठवली. मास्तरांनी एकावर अस्तराचा गठ्ठा ठेवला आणि दुसऱ्यावर अर्धवट शिवलेला कोट पांघरला. फार सोय झाली होती.

"हे वाजताना मी कधी ऐकलेच नाहीत," एकदा जेवता जेवता मास्तर म्हणाले. "बाबांकडे ॲम्प्लिफायर नव्हता का?"

बायकोचा घास हातातच राहिला. "होता. विकला."

"काय सांगतेस! का?"

"तुमचं पहिलं मशीन कुठून आलं असं वाटतं तुम्हाला?"

मास्तरांना ते दिवस आठवले. तेव्हा ते दुसऱ्याच्या दुकानात काजं करत बसायचे, आणि असला जावई का केला म्हणून चार लोक सासऱ्यांना टोचायचे. एक दिवस सासरे हातगाडीवर मशीन घेऊन दारात उभे! म्हणाले, "कुणीतरी टाकून दिलं होतं, म्हटलं तुम्हाला उपयोगी पडेल." मास्तरांनी बावीस वर्षं त्यावर विश्वास ठेवला होता. टाकून दिलेल्या मशीनला नवा पट्टा आणि सुयांचं न फोडलेलं पाकीट कसं, हा प्रश्न त्यांना एकदाही पडला नव्हता.

"आईच्या आवाजाची एक कॅसेट आहे," बायको हळूच म्हणाली. "मायक्रोफोन तपासायला भरलेली. आई गेल्यावरसुद्धा बाबांनी ती लावली नाही. म्हणतात, ऐकेन तर ह्या स्पीकरवरच."

मास्तरांचे डोळे भरून आले. रविवारी सासऱ्यांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होणार होती. मास्तर ताटावरून उठलेच! "रविवारी संध्याकाळी पाच वाजता वाजणार! माझा शब्द!"

नवी इस्त्री घ्यायला बाजूला ठेवलेली रक्कम खिशात घालून शनिवारी सकाळी मास्तर दुकानात पोचले.

"स्पीकर किती ओहमचे?" दुकानदाराने विचारलं.

मास्तर तयारीनेच आले होते. खोक्याच्या मागचा आकडा त्यांनी वहीत उतरवून आणला होता. "चार!"

"चार? मग जरा दणकट ॲम्प्लिफायर लागेल, साहेब."

"अहो, लोकांचे किती असतात?"

"बऱ्याच जणांचे आठ."

"मग झालं तर! चार म्हणजे आठच्या निम्मं. लहान मापाला कापड कमी लागतं!"

"साहेब, ते उलटं असतं. ओहम म्हणजे अडवणूक. अडवणूक जितकी कमी, तितका स्पीकर जास्त ओढतो."

गिऱ्हाइकाला महागाचं कापड कसं गळ्यात मारतात हे मास्तरांना शिकवायला नको होतं. ते गालातल्या गालात हसले आणि फळीवरचा सगळ्यात छोटा ॲम्प्लिफायर काखेत मारून निघाले. आकाराने तो डब्याएवढा होता.

घरी आल्यावर तारा जोडायच्या होत्या. तारेचं टोक सोलायला बायकोने भिंतीवरची कात्री पुढे केली, तसे मास्तर किंचाळले, "खबरदार!" ती कापडाची कात्री. कापडाच्या कात्रीने दुसरं काही कापायचं नाही, कागदसुद्धा नाही! पूर्वी एकदा बायकोने त्या कात्रीने दुधाची पिशवी कापली होती, तेव्हा मास्तर दोन दिवस तिच्याशी बोलले नव्हते. शेवटी त्यांनी तारा दातांनी सोलल्या, टोकं पिळली, स्क्रूखाली दाबली, घरचा टेपरेकॉर्डर ॲम्प्लिफायरला जोडला आणि आपली गाण्यांची कॅसेट लावली. आईची कॅसेट बाबांच्या आधी कुणी ऐकायची नाही, असं बायकोने बजावलं होतं.

आवाज आला! काय आवाज आला! गाणारा जणू कोटाच्या बाहीतून बाहेर येऊन उभा राहिला. मास्तरांनी बटण आणखी फिरवलं.

टक्!

लाल दिवा लागला आणि सगळं शांत.

पुन्हा लावलं. हळू ठेवलं की झकास, मोठं केलं की टक्! मास्तरांनी टेबलफॅन लावून त्याला वारा घातला. ओला रुमाल घेऊन कपाळावर ठेवायला निघाले होते, बायकोने वेळीच अडवलं. दुपारपर्यंत वीस वेळा टक् झालं आणि मास्तरांना दुकानदाराचा चेहरा आठवू लागला. माप चुकलं होतं. बावीस वर्षांत पहिल्यांदा!

मग त्यांनी मित्राला बोलावलं. हा मित्र सभा-समारंभांना माइक आणि भोंगे भाड्याने द्यायचा. त्याला सगळे भोंगेवाला म्हणत, आणि तो कानात सांगितलेली गोष्टसुद्धा चौकाला ऐकू जाईल अशी सांगायचा.

"चार ओहम?" भोंगेवाला गरजला. "आणि त्याला हे पिल्लू जोडलंस? बैलगाडीला कोंबडी जुंपलीस की रे, मास्तर!"

त्याने आपला ॲम्प्लिफायर आणला. तो उचलायला दोघं लागले, आणि ठेवल्यावर टेबलाचा एक पाय फाकला. खोलीत मोठा प्लग एकच, त्यात आधीच इस्त्री तापत होती. भोंगेवाल्याने त्याच्यातच जोडणी करून खटका दाबला.

इमारतीतली वीज गेली.

मिनिटभरात खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई धापा टाकत वर आल्या. तोंडावर मास्क, हातात आरसा. "मास्तर! मी एकाच्या अर्ध्या दाढेत आहे!"

त्यांच्या मागोमाग तो पेशंटही आला, गळ्यात फडकं, तोंडात कापूस. त्याने मास्तरांचे दोन्ही हात हातात घेतले आणि कापसातून म्हणाला, "उपकार झाले. अजून थोडा वेळ राहू द्या."

फ्यूज बदलला, इस्त्री काढली, पेशंटला समजूत घालून खाली नेलं. भोंगेवाल्याने बटण फिरवलं. भिंतीवरचे हँगर थरथरले, पाटी हलली, आणि टक्! मैदानं दणाणून सोडणारा तो अगडबंब ॲम्प्लिफायरही लाल दिवा लावून बसला.

भोंगेवाल्याचा आवाज आयुष्यात पहिल्यांदा खाली आला. "मास्तर, हा बंद पडतोय म्हणजे स्पीकरच गेलेत. बावीस वर्षं पडून होते ना? संपलं. वाईट वाटून घेऊ नकोस."

वाईट वाटून घेऊ नकोस म्हणे! ते स्पीकर मुके झाले होते ते मास्तरांच्या मशीनपायी. रात्री मास्तर ताट सरकवून उठले. जिच्या जोरावर घर उभं राहिलं त्या शिलाईकडे बघवेना.

रविवारी पाचच्या ठोक्याला सासरे आले. जावयाने शिवलेली पँट, जावयाने शिवलेला शर्ट. भोंगेवाला आपला ॲम्प्लिफायर घेऊन एका कार्यक्रमाला गेला होता, म्हणून मास्तरांनी पुन्हा डबाच जोडून ठेवला होता. सासऱ्यांना वाकून नमस्कार करताना त्यांचा बांध फुटला.

"बाबा, चुकलो! मला सगळं कळलंय, मशीनचं. म्हटलं तुमचे स्पीकर वाजवून दाखवीन. पण चारचं माप मला समजलं नाही. भोंगेवाल्याचा मोठा ॲम्प्लिफायरही बंद पडला, आणि आता ते मेलेत!"

"मेलेत?" सासरे म्हणाले. "वाजवा बघू."

मास्तरांनी गाणं लावलं. मोठं केलं. टक्!

सासरे हसले. गुडघ्यावर हात देत खाली बसले आणि खोक्याच्या मागे बोटं फिरवू लागले. "तार कशाने सोललीत?"

"दातांनी."

"एवढी कात्री टांगलीय ना भिंतीवर?"

"ती कापडाची आहे, बाबा."

"असं होय! जावईबापू, इकडे या. चष्मा लावून या."

मास्तर वाकले. लाल स्क्रूखालून तांब्याचा एक तंतू निसटून बाहेर आला होता. केसाएवढा. त्याचं टोक शेजारच्या काळ्या स्क्रूपासून नखभर अंतरावर डोलत होतं.

"आवाज वाढला की खोकं थरथरतं आणि हा पलीकडे जाऊन टेकतो," सासरे म्हणाले. "मग ॲम्प्लिफायर जिवाच्या भीतीने बंद होतो. शहाणा आहे बिचारा. मोठ्यालाही हेच झालं असणार." त्यांनी मान वर करून पाटी मोठ्याने वाचली, "सुटा धागा दाखवा..."

मास्तरांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"आणि माप?" त्यांनी चाचरत विचारलं.

"चार ओहमवाले जास्त ओढतात, ते खरंच. हॉलमध्ये हा डबा टिकला नसता. पण मी हे हॉलसाठी कुठे बनवले होते? या खोलीपुरता आवाज याच्यात आहे. बरोबर आणलात."

"बाबा, ते मशीन..."

"कुणीतरी टाकून दिलं होतं," सासरे खोक्याकडेच बघत म्हणाले.

मास्तर उठले. त्यांनी भिंतीवरची कात्री काढली. बायकोने तोंडावर हात नेला. मास्तरांनी डोळे मिटले, मग चुकीचं कापलं जाईल म्हणून उघडले, आणि कापडाच्या कात्रीने तांब्याचा तंतू कचकन कापला. पात्याला खाच पडलेली त्यांनी पाहिली. त्यांना मुळीच वाईट वाटलं नाही.

बायकोने आत चहा टाकला होता. तिने कप आणून सासऱ्यांसमोर ठेवला आणि आईची कॅसेट लावली.

आधी नुसती खरखर. मग तरुणपणचे सासरे, "एक, दोन, तीन. बोल ना काहीतरी. काहीही बोल."

आणि मग खोलीच्या मधोमध, जिथे मास्तर मापं घ्यायला लोकांना उभं करायचे तिथेच, सासूबाई बोलल्या. इतक्या स्पष्ट की बायकोने पदर सावरला.

"काय बोलू? चहा निवतोय तिकडे! आधी ते यंत्र बंद करा बघू!"

"हो, हो, केलं!" म्हणत सासऱ्यांनी झटकन हात लांब केला आणि ॲम्प्लिफायरचं बटण दाबलं.

टक्!

सासऱ्यांनी डोळे पुसले, कप उचलला आणि चहा गरम होता तोवरच संपवला.

डबा बंद पडायची ही बाविसावी खेप होती. या खेपेला मात्र मास्तर तो पुन्हा लावायला गेले नाहीत. ते मापाची टेप घेऊन सासऱ्यांच्या फुकट कोटाचं माप घ्यायला उभे राहिले.