थंड इंजिन आणि अर्धी चावी

"व्हॉल्व्ह कधी उघडायचा हे आता लॅपटॉप ठरवणार? मग फिटरनं काय टाळ्या वाजवायच्या?"

चाळीस वर्षं इंजिनं खोलण्यात घालवलेले फिटरकाका थंडीत कुडकुडत जावयावर खेकसत होते. जावई ड्रायव्हरच्या सीटवर, मांडीवर लॅपटॉप, लॅपटॉपची वायर स्टिअरिंगखाली.

"बाबा, हे इंजिन स्वतःच व्हॉल्व्ह लवकर-उशिरा उघडतं. थंडीसाठी तेवढं टायमिंग बदलतोय."

गाडी काकूंची. अठरा वर्षं त्यांनीच चालवली. त्या गेल्या आणि पहिल्याच थंडीत ती सकाळची चालू होईना. मुलीनं बजावलं होतं, "सोमवारी पहिल्या चावीला चालू झाली नाही, तर भंगारात!" हा शब्द काकांना झोंबला होता.

पंचाईत अशी, की रात्रभर गारठलेलं इंजिन दिवसातून एकदाच, सकाळी तपासता येतं. शुक्रवारी जावयानं चावी फिरवली. गाडी खोकली आणि गप्प झाली. शनिवारी टायमिंग बदललं. गाडी नुसतीच थरथरली. रविवारी शेजारच्या आजींनी दया येऊन बॉनेटवर रजई घातली, वर गरम पाण्याची पिशवी.

"आजी, थंड इंजिन तपासायचंय आम्हाला! अंडी उबवायची नाहीत!"

"बरं करायला जावं तर हे वर तोंड!" म्हणत आजी रजई घेऊन फणकाऱ्यानं गेल्या. तो दिवस फुकट.

सोमवारी भंगारवाला टेम्पो घेऊन फाटकातच उभा. जावयानं लॅपटॉप मिटला. "मी हरलो, बाबा."

"सरका! शेवटची चावी मी लावणार." काकांनी चावी अर्धी फिरवली, तेवढ्यात भंगारवाल्यानं टायरला लाथ मारून पाहिली. काकांचा हात तिथेच थांबला.

"पाय काढ! माझ्या बायकोची गाडी आहे ही! जिवंत गाडीला लाथ मारतोस? दोर कसला सोडतोयस? अजून चावी लागायचीय माझी!"

असं चांगलं अर्धं मिनिट चाललं. मग रागारागात त्यांनी चावी पूर्ण फिरवली.

गाडी फट्‌दिशी चालू झाली.

जावयानं कपाळावर हात मारला. "पेट्रोलचा पंप! पंप म्हातारा झालाय, बाबा. अर्ध्या चावीवर थोडं थांबलं की दाब भरतो. व्हॉल्व्ह पहिल्यापासून बरोबरच होते."

"आईसुद्धा अर्धी चावी लावून केस विंचरत बसायची," दारात उभी मुलगी म्हणाली.

"आणि मी म्हणायचो, उशीर करतेस!" काका उसळले. "पण मग सांगायचं नाही का तिनं मला?"

"सांगायची, बाबा. तुम्ही शेजारी बसून ओरडत असायचात."

भंगारवाला रिकामा टेम्पो घेऊन गेला.

मंगळवारी सकाळी काकांनी चावी अर्धी फिरवली आणि आरशात पाहिलं. विंचरायला डोक्यावर केस उरले नव्हते. तरी त्यांनी खिशातून तिचा कंगवा काढला, सावकाश दोनदा फिरवला आणि मगच गाडी चालू केली.