चंद्रभानच्या मागे लागलेली बाई

चंद्रभानने एका दुपारी मोबाइलवर एक जुना, गाजलेला सिनेमा पाहिला आणि त्याचं अन्नावरचं मनच उडालं. त्यात एक बाई एका संसारी माणसाच्या अशी मागे लागते, की त्याच्या घरादाराची वाट लागते. पुलगावच्या बाजारात वांगी विकणाऱ्याने असले सिनेमे पाहूच नयेत, पण सांगणार कोण?

पुढच्याच बाजारी एक पन्नाशीची बाई त्याच्या दुकानापुढे बसली. पावभर वांगी घेतली आणि तासभर हलली नाही. घरी कोण, शेत किती, विहिरीला पाणी कधीपर्यंत, सगळं विचारलं. आपलं नाव मोहिनी, गाव रोहणा, हेही सांगितलं. तीन दिवसांनी ती थेट नाचणगावात, त्याच्या शेताच्या धुऱ्यावर, बांधावर उभी दिसली. सिनेमातली बाईही अशीच पायरीपायरीने आली होती.

धाकट्या भावाचं, किशोरचं लग्न आधीच जमत नव्हतं. शेती करणाऱ्याला मुलगी द्यायला कोणी तयार नव्हतं. त्यात घराचं नाव खराब झालं तर तो जन्मभर तसाच राहणार. शेजारच्या मिरचीवाल्या तानबाने तोडगा काढला. बायकोच्या मुठीतला माणूस कोणत्याच बाईला आवडत नाही, म्हणे.

मोहिनीबाई पुन्हा आल्या तेव्हा चंद्रभानने भरबाजारात तोंड उघडलं.

"बाई, माह्या घरी बायकोचंच राज हाय. तिले विचारल्याबिगर मी चहा बी पेत नाई. भांडे मी घासतो, धुणं मी धुतो."

"आन् तुमचा भाऊ?"

"तो तं माह्याहून गरीब."

घरी जेवलेलं ताट न उचलणारा माणूस हे बोलत होता. बाई घाईने उठून गेल्या. पीडा टळली म्हणून चंद्रभानने तानबाला चहा पाजला.

रविवारी मोहिनीबाई चार माणसं घेऊन घरीच आल्या. चंद्रभान गोठ्यात लपला. तिथून त्याला त्यांचं बोलणं ऐकू आलं.

"पोरगी द्याच्या आंधी आमी गुपचूप चौकशी करतो," त्या त्याच्या बायकोला, गोपिकाला सांगत होत्या. "लय घरं पाह्यले. भांडे घासतो म्हणून बाजारात सांगणारा माणूस इथंच भेटला. माही वर्षाली सुखात राहीन."

चंद्रभान बाहेर आला. किशोरच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहून त्याला भरून आलं. गोपिकाने मात्र शांतपणे उष्ट्या कपांचा ट्रे त्याच्या हाती दिला.

"पाव्हणे पाहून राह्यले," ती हळूच म्हणाली. "लगन होईपर्यंत तरी घासा."

तो मोरीकडे वळला. आत पंचांग उघडलं गेलं. सगळ्यात जवळचा मुहूर्त पाच महिन्यांनी निघाला.