सरगुंड्याचं सूप

स्वैपाकाचं मले कधी भेव वाटलं नाई. भेव वाटते ते दोघींचंच, मरीआईचं अन् माह्या सासूचं. त्या दिवशी दोघी एकाच वक्ती माह्यावर उठल्या, अन् तेही एका सुपापायी!

केळापूरजवळच्या डाकबंगल्यावर मी तवा रोजंदारीचा चौकीदार होतो. लय सालं झाले, पण पक्का काही होईना. पक्कं करणं होतं मोठ्या साहेबाच्या हाती. अन् तेच साहेब तापातून उठून मुक्कामाले आले, नेमका खानसामा रजेवर असताना.

"डॉक्टरांनी कोंबडीचं सूप सांगितलंय," साहेब म्हणाले. "भाज्या घालून. आणि त्यात मॅकरोनी. पण ती इथं कुठून मिळणार?"

"ते काय असते साहेब?"

"कणकेच्या पोकळ नळ्या."

"मंग सरगुंडे म्हणा नं! काडीवर कणीक गुंडाळून इकडं लग्नात तेच तं करतात. डोळे मिटून करतो."

सरगुंडे केले. गाजर, पानकोबी, भेदरं म्हणजे टमाटे चिरले. त्या दिवशी बाजार नव्हता, म्हणून कोंबडा घरच्या अंगणातलाच धरला. त्याच्या पायात पिवळा दोरा होता. शेजारच्या कोंबड्यायत मिसळू नये म्हणून बांधला असन, असं म्या समजलो. घरी विचारायले कोणी नव्हतं.

साहेबानं ओसरीत बसून एक वाडगा संपवला, दुसरा मांगितला. "फुलसिंग, नागपुरातही असं मिळत नाही," म्हणाले. नोकरी पक्कीच समजून म्या तिसरा वाडगा काठोकाठ भरून देला.

तेवढ्यात माही बायको जमनी मागच्या दारानं धापा टाकत आली.

"कोंबडा कुठी हाय?"

"साहेबाच्या पोटात."

ती मटकन खाली बसली. "अवो, तो मरीआईच्या नवसाचा होता. याडीनं तुमच्याच नोकरीसाठी सोडला होता. देवीच्या आंधी कोणी खाल्लं तं देवी त्याले सोडत नाई."

याडी म्हणजे तिची आई, म्हणजे माही सासू, बिजलीबाई.

"याडीले समजलं?"

"पिसं पाह्यले तिनं. येऊनच राह्यली."

ओसरीत पाहतो तं साहेबाले दरदरून घाम सुटलेला, नाक-डोळे लाल. मिरे म्याच मूठभर टाकले होते, पण तवा ते आठवते कोणाले? म्या म्हटलं, देवीनं धरलं. आता साहेब मरन अन् फाशी मले होईन! धावलो अन् त्यायच्या हातातला वाडगाच हिसकला.

"साहेब, पुरे करा, हात जोडतो."

"वेडा झालास काय? उद्यापासून कामावर येऊ नकोस!"

गेली नोकरी. अन् तिकडून फाटकातून सासूबाई आल्या, हातात नारळ अन् कुंकू. मी खांबामागं लपलो. पण त्यायनं माह्याकडं पाह्यलंच नाई. सरळ जाऊन साहेबाच्या कपाळाले कुंकू लावलं, मांडीवर नारळ ठेवला अन् पाया पडल्या.

"बाई, हे काय चाललंय?"

"देवीचा वाटा तुमी खाल्ला. ज्यानं वाटा खाल्ला त्यालेच देवीचं काम करा लागते. ह्या जावयाले पक्कं करा."

असा रिवाज म्या तरी जलमात ऐकला नव्हता. पण बिजलीबाईपुढं बोलाची हिंमत कोणाची?

साहेबानं हळूच पोटावर हात ठेवला. "आणि नाही केलं तर?"

"ते मी काय सांगू? तुमच्या पोटात हाय, तोच सांगन."

पोटात तवाच गुरगुरलं. खांबामागं मलेही ऐकू आलं.

तं असा मी पक्का झालो. चौकीदार नाई, खानसामा! जुना रजेवरून आलाच नाई. पुढच्या साली साहेब पुन्हा मुक्कामी आले. सुपाचं नावही काढलं नाई, नुसता वरण-भात मांगितला. ताट समोर ठेवलं तं हात मांडीवरच ठेवून बसले.

"फुलसिंग, हे तांदूळ कोणाच्या नवसाचे नाहीत ना?"

म्या ताट उचललं. म्हटलं, "थांबा साहेब, सासूबाईले विचारून येतो."